नाव आणि झाड : जुन्या सफरचंद-वाणांच्या पुनःशोधाविषयी

इंग्लंड व अमेरिका या देशांत गेल्या काही दशकांपासून लुप्त समजल्या गेलेल्या सफरचंद-वाणांचा शोध मोठ्या आस्थेने चालू आहे. त्यांत स्वयंपाकास उपयोगी पडणाऱ्या आणि सायडरसाठी, म्हणजे रस आंबवून केलेल्या मद्यासाठी, राखलेल्या वाणांचा भरणा विशेष आहे. परंतु अमुक एक वाण 'सापडला' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय सापडलेले असते? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच शब्दांच्या इतिहासाचाही आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. सफरचंदाचे बी रुजवले असता मूळ झाडासारखे फळ येत नाही. कोकणात रायवळ आंबा व कलमी आंबा यांत जो भेद मानला जातो, तोच येथेही लागू पडतो. ज्याला स्वतःचे नाव आहे अशा वाणाची सर्व झाडे ही एकाच आद्य वृक्षाच्या फांद्या असून त्या कलमाने पिढ्यान् पिढ्या पुढे आलेल्या असतात. कलम बांधणारा हात थांबला की वाण संपतो. आणि कलम चालू राहिले तरी त्याबरोबर नाव चालत राहीलच असे नाही. म्हणून वाण हरवण्याचे प्रकार दोन : झाड जाऊन नाव उरणे आणि नाव जाऊन झाड उरणे.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण 'कॉस्टर्ड' हे होय. मध्ययुगीन इंग्लंडमधील हे मोठ्या आकाराचे, शिजवून खाण्याचे सफरचंद. ते विकणारा तो 'कॉस्टरमंगर'. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारून लंडनच्या रस्त्यांवर गाडीवरून कोणतीही फळे-भाजी विकणाऱ्यास तो लागू झाला. 'कॉस्टर्ड' हा शब्द थट्टेने 'डोके' या अर्थीही रूढ होता, आणि शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या नाटकातील विदूषकाचे नावही तेच आहे. एवढा शब्दप्रपंच मागे राहिला; पण मध्ययुगीन कॉस्टर्ड म्हणून निःशंकपणे बोट दाखवावे असे झाड आज उरलेले नाही. हे फळ बाजारात किती सामान्य होते ते शब्दावरून कळते. ते चवीला कसे होते ते कळत नाही.

नाव टिकले तरी त्याचे रूप फसवे असू शकते. नॉरफक परगण्यातील 'बीफिंग' हे सफरचंद रोटीवाल्यांच्या निवत्या भट्टीत हळूहळू सुकवून 'बिफिन' या नावाने विकले जाई. डिकन्सच्या 'ए ख्रिसमस कॅरल'मध्ये त्याचा उल्लेख आहे. नाव गोमांसाच्या गडद तांबड्या रंगावरून पडलेले. तथापि पुढे कोणी त्यास 'बोफँ' असे फ्रेंच वळण दिले. त्या लेखनावर विसंबून या वाणाचे मूळ फ्रान्सात शोधू जाणे म्हणजे लोकव्युत्पत्तीला इतिहास समजणे होय.

सायडरच्या वाणांत 'रेडस्ट्रीक'चे स्थान मोठे. सतराव्या शतकात हेरिफर्डशरमधील लॉर्ड स्कुडमोर यांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली आणि जॉन एव्हलिन यांच्या १६६४ मधील 'पोमोना'त त्याचा गौरव झाला. परंतु १७९७ मध्ये टॉमस अँड्र्यू नाइट यांनी असे प्रतिपादन केले की, कलमे ही आद्य वृक्षाच्याच वयाची असल्यामुळे जुने वाण वार्धक्याने मरणारच. हा सिद्धान्त आज ग्राह्य धरला जात नाही. कलमांतून संक्रमित होत जाणारे रोग हे ऱ्हासाचे अधिक संभाव्य कारण होय. मात्र ऱ्हासाच्या या चिंतेचे एक फळ चांगले निघाले. हेरिफर्डच्या वुलहोप नॅचरलिस्ट्स फील्ड क्लबने १८७६ ते १८८५ या काळात 'हेरिफर्डशर पोमोना' हा सचित्र ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला. आजच्या संशोधकास तो हस्तलिखिताच्या प्रमाणप्रतीसारखा उपयोगी पडतो.

दुसऱ्या प्रकारात झाड उभे असते, पण ते कोणाचे हे कोणास ठाऊक नसते. अमेरिकेतील न्यूअर्क येथील नामांकित सायडर ज्यापासून होई तो 'हॅरिसन' वाण विसाव्या शतकात नष्ट झाला असे मानले जात होते. १९७६ मध्ये न्यू जर्सीतील लिव्हिंग्स्टन येथे सायडरच्या एका जुन्या गिरणीपाशी त्याचे झाड आढळले. अशा झाडाची ओळख पटवावयाची तर जुन्या वर्णनांचा आधार अपरिहार्य ठरतो, आणि हॅरिसनच्या बाबतीत विल्यम कॉक्स यांचा १८१७ चा फळवृक्षांवरील ग्रंथ उपलब्ध होता. पिवळी साल, तीवरील काळे ठिपके, लांब देठ ही लक्षणे त्यात नमूद आहेत. ग्रंथ नसता तर झाड मुकेच राहिले असते.

नाव कोणाचे लागते हाही विचारणीय भाग आहे. नॉटिंगहॅमशरमधील साउथवेल येथे १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बिया रुजवल्या. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर यांनी कलमांसाठी फांद्या मागितल्या, तेव्हा फळास आपले नाव द्यावे या अटीवर त्याने त्या दिल्या. आम्लाधिक्यामुळे शिजताच ज्याचा गर मऊ लगदा होतो असे हे 'ब्रॅम्ली' इंग्लंडच्या स्वयंपाकघरात इतके सर्वव्यापी झाले की, शिजूनही फोड न मोडणारे, भट्टीत सुकवण्याजोगे इत्यादी जुने भेद विस्मृतीत गेले.

आता जनुकीय परीक्षेने दोन झाडे एकच आहेत की नाहीत हे ठरवता येते. केंटमधील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे २,००० हून अधिक वाण असून तुलनेसाठी तो आधार मानला जातो. अमेरिकेत 'फॉक्सव्हेल्प' म्हणून वाढवलेले एक झाड इंग्लंडमधील त्या नावाच्या वाणाहून भिन्न ठरले, हे या साधनाचेच यश. परंतु परीक्षा एवढेच सांगते की, हे झाड त्या झाडासारखे आहे. त्या झाडास जुन्या ग्रंथातील नाव कसे लागले, हे ती सांगत नाही. ते नाव माळ्यांच्या व संग्राहकांच्या परंपरेने आलेले असते, आणि परंपरेत पाठभेद शिरतात, हे भाषेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून तिसरा साक्षीदार बोलवावा लागतो. तो म्हणजे उपयोग. लाँग अ‍ॅश्टन येथील संशोधनकेंद्रात १९०३ मध्ये बार्कर यांनी रसातील आम्ल ०.४५ टक्के व टॅनिन ०.२ टक्के या मर्यादा धरून सायडरच्या सफरचंदांचे गोड, आंबट, कडूगोड व कडूआंबट असे चार वर्ग पाडले. जुन्या वर्णनात तुरट म्हटलेल्या फळाच्या रसात टॅनिन अल्प निघाले, तर जनुकांची जुळणी कितीही निर्दोष असली तरी नावाविषयी संशय घेणे प्राप्त होते. झाड, ग्रंथ आणि रस या तिघांची साक्ष जुळली तरच वाण सापडला असे म्हणावे. दोघांवर भागवले, तर एका हरवलेल्या वाणाच्या जागी दुसराच वाण त्याचे नाव धारण करून बसेल, आणि मूळ वाणाचा शोध कायमचा थांबेल. कारण जे सापडले आहे असे वाटते, ते पुन्हा कोणी शोधत नाही.