वाळवंटातले शिंपले

इजिप्तच्या पश्चिम सरहद्दीजवळ सिवा नावाचे मरूद्यान आहे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील मर्सा मत्रूह गावाहून तेथे पोचायला सुमारे ३०० किलोमीटर वाळवंट ओलांडावे लागते. प्राचीन काळी तेथे अम्मोन देवाचे प्रसिद्ध मंदिर होते आणि सिकंदर त्या देवाचा कौल घेण्यासाठी एवढी वाट तुडवीत गेला होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळते. त्याच वाटेवर कालवांची कवचे पडलेली आहेत, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने ती कवचे सिकंदरापेक्षा कमी महत्त्वाची नाहीत. समुद्रापासून इतक्या दूर ती आली कुठून, हा प्रश्न जवळजवळ अडीच हजार वर्षे विचारला गेला आहे, आणि दरवेळी उत्तर चुकले किंवा अर्धवट राहिले ते एकाच कारणाने : कवच नेमके कोणाचे, हे कोणी नीट पाहिले नव्हते.

पहिली नोंद हेरोडोटसची. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यास तो इजिप्तमध्ये हिंडला. टेकड्यांवर शिंपले दिसतात, जमिनीतून मीठ फुटून वर येते, इतके की पिरॅमिडचे दगडही खारवतात, आणि इजिप्तची काळी माती शेजारच्या प्रदेशांच्या मातीसारखी नाही, या खुणांवरून त्याने अनुमान काढले की एके काळी येथे समुद्राची खाडी होती आणि नाईलच्या गाळाने ती भरून आली. नाईल उद्या अरबी आखातात, म्हणजे आजच्या तांबड्या समुद्रात, वळली तर ते आखात वीस हजार, कदाचित दहा हजार वर्षांतही भरून निघेल, असा हिशेबही त्याने मांडला. त्रिभुज प्रदेशाबद्दलचे त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण टेकडीवरचे शिंपले आणि खालचा गाळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यांच्या वयांत कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, हे कळण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस आपल्या परिचयाचा आहे. त्यानेही हा प्रश्न घेतला. किनाऱ्यापासून दोन-तीन हजार स्टेडिया आत, अम्मोनच्या मंदिराभोवती आणि तिकडे जाणाऱ्या वाटेवर, शिनाणे, कालवे आणि पंख्याच्या आकाराचे शिंपले का सापडतात? त्याचे मूळ लिखाण आज उपलब्ध नाही. स्ट्रॅबो या भूगोलकाराने वाद घालण्यासाठी ते उद्धृत केले म्हणून आपल्यापर्यंत पोचले. वाद मोठा रंगतदार आहे. लॅम्प्सॅकसचा स्ट्रॅटो म्हणे की भूमध्य समुद्र पूर्वी चहूकडून बंद होता. नद्यांच्या पाण्याने तो तुडुंब भरला, जिब्राल्टरजवळ फुटला, पाण्याची पातळी उतरली आणि उथळ भाग कोरडे पडले. स्ट्रॅबोला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे, की पाणी कमी-जास्त होत नसून समुद्राचा तळच कधी वर उचलला जातो, कधी खचतो. खडकाच्या थरांचा अभ्यास, भूकंपमापन यांतले काहीही नसताना केलेले हे विधान आहे. भूशास्त्र शिकवताना आपण सुरुवात अठराव्या शतकापासून करतो, तेव्हा या माणसावर थोडा अन्यायच होतो.

आज आपल्याला माहीत आहे की सिवाभोवतीचा चुनखडक मायोसीन काळातला, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आणि एराटोस्थेनिसच्या यादीत कालवे आणि पंख्यासारखे शिंपलेच ठळकपणे का यावेत, यालाही कारण आहे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, पण त्या संयुगाची स्फटिकरचना दोन प्रकारची असू शकते : कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट. अ‍ॅरॅगोनाइट कमी टिकाऊ. खडकात झिरपणाऱ्या पाण्यात ते विरघळते आणि मागे शिंपल्याचा केवळ साचा उरतो. कालवांचे आणि पंख्यासारख्या शिंपल्यांचे कवच मुख्यतः कॅल्साइटचे. वाऱ्याने भोवतालचा मऊ खडक झिजवून नेला की ती तशीच्या तशी मोकळी होऊन वाळूवर पडतात. म्हणजे प्रवाशाला दिसले ते त्या समुद्रातले सगळे जीव नव्हते, तर टिकणारे जीव होते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

स्ट्रॅबो स्वतः इसवी सनापूर्वी २५ च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. पिरॅमिडांसमोर दगडाच्या कपच्यांचे ढीग होते आणि त्यांत मसुरीच्या आकाराचे बारीक दगड त्याला दिसले, काही तर अर्धवट सोललेल्या दाण्यांसारखे. स्थानिक लोक सांगत की बांधकामावरच्या मजुरांच्या जेवणातले उरलेले दाणे दगड झाले. (पुष्कळ पुस्तकांत ही गोष्ट हेरोडोटसच्या नावावर खपवली जाते. ती त्याची नाही.) स्ट्रॅबोला आपल्या गावाकडची, पाँटसमधली एक लांब टेकडी आठवली. तीही अशाच मसूरदगडांनी भरलेली होती, आणि तेथे तर कोणी पिरॅमिड बांधला नव्हता. त्याने कोडे नोंदवले आणि सोडून दिले.

मधल्या शतकांकडे धावती नजर टाकू. इब्न सीनाने अकराव्या शतकात लिहिले की डोंगरांच्या दगडांत जलचरांचे अवशेष मिळतात, कारण ते दगड एके काळी पाण्याखालचा चिखल होते. त्याचा समकालीन अल्बेरुनी आपल्याला हिंदुस्थानच्या वर्णनामुळे माहीत आहे. अरबस्तानचे वाळवंट पूर्वी समुद्र होते, विहिरी खणताना दगड फोडले तर आत शिंपले निघतात, असे त्याने स्पष्ट लिहिले. याउलट १७४६ मध्ये व्होल्तेरसारखा बुद्धिवादी आल्प्समधले शिंपले यात्रेकरूंच्या टोप्यांवरून गळून पडले असावेत असे सुचवीत होता! बायबलातल्या प्रलयाला पुरावा मिळू नये, ही त्याची खरी धडपड. उत्तर आधी ठरले की डोळ्यांसमोरचा शिंपलाही दिसेनासा होतो.

मसुरीचे कोडे पुढे सरकले ते लिनियसच्या एका शिष्यामुळे. पेटर फोर्स्कोल १७६१ मध्ये डॅनिश मोहिमेबरोबर निघाला, इजिप्तमध्ये त्याने नमुने गोळा केले आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. मोहिमेतला एकटा कार्स्टेन नीबूर जिवंत परतला आणि त्याने १७७५ मध्ये मित्राच्या टिपणांचे पुस्तक छापले. त्यात गिझाच्या या दगडाला ‘नॉटिलस गिझेहेन्सिस’ असे नाव आहे. दाणा फोडला की आत सर्पिल दिसते आणि सर्पिलात लहान लहान कप्पे. नॉटिलस या सागरी प्राण्याच्या शंखातही तसेच कप्पे असतात. तेव्हा तर्क वाजवी होता. लामार्कने १८०१ मध्ये नाणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘न्यूम्युलाइट’ हे नाव रूढ केले, आणि दॉर्बिनीने १८२६ मध्ये या साऱ्या गटाला फोरॅमिनिफेरा म्हटले, पण ठेवले मात्र माकूळ आणि नॉटिलस यांच्याच वर्गात. १८३५ मध्ये द्युजार्दँने या गटातले जिवंत जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत ना भुजा, ना डोळे, ना आतडे. केवळ जीवद्रव्याचा थेंब आणि त्याचे बाहेर पसरणारे धागे. मसूर म्हणजे एका पेशीचे घर होते.

एक पेशी, आणि घर रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून मोठे! शिवाय एकाच थरात मोठी आणि बारीक अशा दोन आकारांची न्यूम्युलाइटे शेजारी शेजारी सापडत. त्यांना बराच काळ दोन वेगळ्या जाती मानून वेगळी नावे दिली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडा झाला की ही एकाच जातीची दोन रूपे. अलैंगिक प्रजननातून जन्मलेल्याचा पहिला कप्पा मोठा आणि कवच लहान. लैंगिक प्रजननातून जन्मलेल्याचा पहिला कप्पा अतिसूक्ष्म आणि कवच मोठे. गिझाचा हा चुनखडक सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा, इओसीन काळातला. आज अशी मोठी एकपेशीय कवचे बांधणारे जीव आपल्या पेशीत शैवाले बाळगतात, म्हणून त्यांना ऊन पोचेल असे उथळ, उबदार पाणी लागते. पिरॅमिडांच्या जागी तसा समुद्र होता.

आता तिसऱ्या शिंपल्याची गोष्ट, आणि तिच्यात पैसाही गुंतला होता. १८६३ मध्ये एस्केर, देझोर आणि मार्तें हे तिघे संशोधक अल्जीरियाच्या सहारात गेले. तेथील खाऱ्या दलदलींच्या भागात त्यांना तिसऱ्यांच्या दूरच्या नात्यातल्या, ‘कार्डियम’ नावाच्या शिंपल्यांची पांढरी कवचे सापडली. ही जात युरोपच्या किनाऱ्यावर आजही जिवंत. मग निष्कर्ष सरळ : सहारा कालपरवापर्यंत, हिमयुगात, समुद्राखाली होता. यातूनच रुदेर या फ्रेंच अधिकाऱ्याने १८७४ मध्ये योजना मांडली की ट्युनिशियाच्या किनाऱ्यापासून कालवा खणून तो समुद्र परत आणावा. सुएझ कालव्याचे द लेसेप्स तिचे पुरस्कर्ते झाले.

योगायोग असा, की त्याच १८७३-७४ च्या हिवाळ्यात म्यूनिखचा जीवाश्मशास्त्रज्ञ कार्ल त्सिटेल, रोल्फ्सच्या मोहिमेबरोबर, उंटावरून लिबियाचे वाळवंट ओलांडीत होता. दाखलाहून पश्चिमेकडे कुफ्राला जायचे होते. वाळूच्या अजस्र टेकड्या आडव्या आल्या म्हणून तांडा उत्तरेला वळून सिवाला पोचला. त्सिटेलने वाटेवरचे जीवाश्म थराथराने गोळा केले आणि ते वेगवेगळ्या तज्ज्ञांना वाटून दिले. त्याचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता : समुद्र येथे आला होता, पण तो क्रिटेशिअस, इओसीन, मायोसीन काळांत. हिमयुगातल्या सहारा-समुद्राचा पुरावा नाही.

मग कार्डियमचे काय? त्याचे कवच अ‍ॅरॅगोनाइटचे. ते अजून शाबूत आहे, यावरूनच ते भूशास्त्राच्या मापाने कोवळे ठरते. पण कोवळे म्हणजे समुद्रातले असे नव्हे. सहारातली ही जात भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणीहून वेगळी निघाली. तिला शांत, निमखारे पाणी मानवते, आणि समुद्राशी संबंध नसलेल्या सरोवरातही ती नांदते. इजिप्तमधल्या फायूमचे कारून सरोवर समुद्रसपाटीपेक्षा चाळीसहून अधिक मीटर खाली आहे. त्यात ती आज राहते. सहारात पाऊस पडत होता त्या काळातली सरोवरे तिने व्यापली होती. गाबेसजवळचा उंचवटा वाळूचा नसून खडकाचा निघाला, तेव्हा समुद्राची जुनी वाट तेथून गेली होती हेही टिकले नाही. फ्रेंच सरकारच्या आयोगाने १८८२ मध्ये योजनेवर प्रतिकूल मत दिले.

गिझाच्या मसुरीची भावंडे आपल्याकडेही आहेत. बाँबे एंजिनिअर्सचा कॅप्टन ग्रँट याने कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला. त्याने पाठवलेल्या जीवाश्मांची वर्णने सॉवर्बीने लंडनमध्ये १८४० साली छापली आणि त्यांत न्यूम्युलाइटे आहेत. जैसलमेरच्या इओसीन चुनखडकातही ती मिळतात. त्या काळी कच्छपासून इजिप्तपर्यंत एकाच टेथिस समुद्राचे उथळ पाणी पसरले होते.

शाळेच्या संग्रहात असा दाणा असेल आणि त्याच्यासारखे आणखी चार असतील, तर त्यातला एक चिमट्यात धरून ज्योतीवर चांगला तापवावा आणि थंड पाण्यात टाकावा (डोळ्यांवर चष्मा हवा). मधोमध दोन फाका होतात आणि सर्पिल उघडे पडते. दाणा लहान असेल तर केंद्रातला पहिला कप्पा साध्या भिंगाने दिसतो. मोठा असेल तर तो शोधायला सूक्ष्मदर्शक लागतो.