मुद्रित विद्युत-रासायनिक संवेदक

मुद्रित विद्युत-रासायनिक संवेदक म्हणजे प्लॅस्टिक, सिरॅमिक किंवा कागदाच्या पातळ पट्टीवर विद्युतवाहक शाईने इलेक्ट्रोड छापून तयार केलेले, रक्तासारख्या द्रवातील जैविक रेणूंचे प्रमाण विद्युतप्रवाहावरून मोजणारे साधन होय. ग्लुकोमीटरची पट्टी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

रचना व कार्य

लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापल्या जातात, तेच तंत्र येथेही वापरतात. शाई मात्र कार्बनची आणि संदर्भ इलेक्ट्रोडसाठी चांदी व सिल्व्हर क्लोराइडची असते. कार्यकारी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजसारखे विकर, म्हणजेच एन्झाइम, आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारे मध्यस्थ द्रव्य वाळवून बसवलेले असते. रक्ताचा थेंब केशाकर्षणाने आत ओढला जातो. विकरामुळे ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होते व सुटलेले इलेक्ट्रॉन मध्यस्थामार्फत इलेक्ट्रोडवर पोहोचतात. या प्रवाहावरून यंत्र शर्करेचा आकडा काढते.

इतिहास

विकर-इलेक्ट्रोडची कल्पना लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. फेरोसीन-संयुग मध्यस्थ म्हणून वापरणारा, पेनाच्या आकाराचा ‘एक्झॅकटेक’ मापक १९८७ मध्ये बाजारात आला. महाराष्ट्रात बायोसेन्स टेक्नॉलॉजीज व आयआयटी मुंबई यांच्या सहकार्यातून ‘सुचेक’ हा स्वदेशी ग्लुकोमीटर तयार झाला. २०१४ च्या सुरुवातीस केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. महाग पट्ट्यांना स्वस्त पर्याय देणे हा त्यामागील हेतू होता.

मर्यादा

पालघर जिल्ह्यातील वाणगाव व डहाणू-तलासरी परिसरात या पट्टीच्या दोन मर्यादा विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली दमट हवेची. ओलाव्याने विकराचा थर बिघडतो, म्हणून आर्द्रताशोषक असलेली मूळ डबी लगेच बंद करावी लागते. सुट्या पट्ट्या कागदात गुंडाळून देणे अयोग्यच.

दुसरी अधिक गंभीर आहे. या आदिवासीबहुल भागात सिकलसेल आजार व रक्तक्षय आढळतात. तांबड्या पेशी कमी असल्या की ग्लुकोज इलेक्ट्रोडपर्यंत अधिक सहज पोहोचते आणि आकडा वास्तवापेक्षा जास्त दिसू शकतो. परिणामी घातक रीतीने घसरलेली साखरही ‘ठीक’ भासते. काही नव्या मापकांत याची दुरुस्ती अंतर्भूत असते, सर्वांत नाही. सिकलसेल आजारात पेशींचे आयुष्य घटल्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरीची ‘एचबीएवनसी’ चाचणीही फसवी ठरते. अशा रुग्णास घाम, थरथर किंवा भोवळ असून पट्टीचा आकडा सामान्य दिसत असल्यास उपचारास विलंब न करता शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासून घेतात.