पैशाचा साक्षीदार: हुंडी, मनिऑर्डर आणि वृद्धांची फसवणूक

दूरच्या माणसाला पाठवलेला पैसा योग्य हातीच पडेल याची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात टेलिफोनच्याही पुष्कळ आधीपासूनचा आहे, आणि वृद्धांची आज फोनवरून होणारी फसवणूक त्या जुन्या प्रश्नाच्या संदर्भात पाहिली म्हणजे तिचे स्वरूप अधिक नेमके कळते. पेशवाईत पुण्याचे सावकार दूरदूरच्या पेठांवर हुंड्या काढत. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीला अमुक रक्कम अमुक माणसाला द्यावी असे लिहून दिलेला कागद. ती दाखवताक्षणी वटत असेल तर ‘दर्शनी’ आणि ठरावीक दिवसांनी वटत असेल तर ‘मुदती’ म्हणत. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून आकड्यासोबत तिची निमपट लिहून त्याची दुप्पट द्यावी असा मजकूर घालण्याची रीत होती. त्याहून महत्त्वाची योजना ‘शहाजोग’ हुंडीत होती: तिचा पैसा वाटेल त्याला मिळत नसे, तर बाजारात पत असलेल्या ‘शहा’मार्फतच तो द्यावा लागे, आणि पुढे हुंडी बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. पैसा घेणारा अनोळखी असला तरी व्यवहाराच्या मध्ये एक ओळखीचा, जाब देणारा माणूस उभा असे. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांसंबंधीच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

हुंडी ही सावकार-व्यापाऱ्यांची सोय होती. सामान्य कुटुंबाला तशी सोय टपाल खात्याने दिली. सरकारी खजिन्यांमार्फत चालणारे मनिऑर्डरचे काम 1 जानेवारी 1880 पासून टपाल खात्याकडे आले, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांचा पैसा रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतल्या गावी याच वाटेने जाऊ लागला. कोकणची अर्थव्यवस्था मनिऑर्डरवर चालते असे पुढे सर्रास म्हटले गेले, ते उगाच नव्हे. या व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पोस्टमन रोख रक्कम घेऊन घरी येई, निरक्षर म्हातारीचा अंगठा घेताना साक्षीदाराची सही लागे, फॉर्मच्या कूपनवर पाठवणाऱ्याने चार ओळी लिहिलेल्या असत व त्या बहुधा पोस्टमनच वाचून दाखवी, आणि सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे पैसा पोहोचला हे घेणारी, देणारा, पोस्टमन आणि साक्षीला उभा राहिलेला शेजारी अशा चौघांना ठाऊक होई. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. अंगठा कशावर उमटतो आहे हे न कळणाऱ्या वृद्धेला घरचा माणूसही लुबाडू शकत होता, आणि गावात कोणाकडे किती पैसा आला हे सर्वांना कळणे नेहमीच सुखाचे नसते. तरीही चौघांच्या डोळ्यांदेखत होणारा व्यवहार परक्या भामट्याला अवघड होता, ही तिची खरी ताकद होती. टपाल खात्याने 2015 मध्ये जुन्या पद्धतीची ही मनिऑर्डर बंद केली आणि पैसे पाठवण्याची सोय इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पुढे चालू राहिली.

तोवर साक्षीदाराची जागा यंत्राने घेतली होती. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने 2009 पासून अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली आणि फोनवर येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, घरोघरी परिचित झाला. 2016 मध्ये यूपीआय आल्यावर पैसा क्षणार्धात एका खात्यातून दुसऱ्यात जाऊ लागला. ही सोय मोठीच आहे, आणि मुलाने परगावाहून आईच्या औषधाचे पैसे तत्क्षणी पाठवावेत यात वाईट काही नाही. पण ओटीपी फार तर फोन कोणाच्या हाती आहे एवढेच सांगतो. तो हात भीतीने थरथरतो आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि शेजाऱ्याला ते कळले असते. यूपीआयमध्ये पैसे मागवण्याची जी विनंती पाठवता येई तिचाही असाच दुरुपयोग झाला: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे माहीत नसलेल्या वृद्धांना ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून त्यांचेच खाते रिकामे केले जाई. व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अखेर ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्या.

‘डिजिटल अटक’ या प्रकारात साक्षीदार दूर सारणे हाच सगळ्या कारस्थानाचा कणा आहे. पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचा अधिकारी असल्याचे भासवून फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले गेले असे सांगितले जाते, वृद्धाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवतात आणि मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला काही सांगितले तर तोही गुन्ह्यात अडकेल अशी धमकी देतात. पडताळणीच्या नावाखाली ठेवी मोडून पैसे पाठवायला लावले जातात. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात कोठेही नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे जाहीरपणे सांगितले, आणि वर्षभरानंतर सर्वोच्च न्यायालयाला या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखलेल्या पिढीला त्या कागदाच्याच नावाने धाक घालणे ही यातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे, आणि फसलेल्या वृद्धाला ‘तुम्हांला एवढेही कळले नाही का’ असे विचारणारी मुले नकळत त्याला पुन्हा एकटे पाडतात. पुढचा फोन आला तर तो घरात कोणाला सांगणार नाही.

कायदाही या ठिकाणी कडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्या ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही; परंतु ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून तक्रारीची वेळ निर्णायक ठरते: 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन केल्यास पैसा पुढच्या खात्यांतून फिरण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता राहते. बँकांच्या काही शाखांत मात्र जुनी रीत अजून टिकून आहे, आणि मुदत ठेव घाईघाईने मोडायला आलेल्या आजी-आजोबांना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पैसा कोणाला, कशासाठी पाठवायचा आहे, घरी कोणाला सांगितले आहे का, एवढे विचारल्यामुळे त्यांची आयुष्यभराची बचत वाचल्याच्या घटना घडल्या आहेत.