अधिवृक्क ग्रंथी आणि एच. आय. व्ही. : एका निदानाचा इतिहास
वृक्कांच्या माथ्यावर असणाऱ्या म्हणून ‘अधिवृक्क’ म्हटल्या जाणाऱ्या ग्रंथींचा विकार लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी इ. स. १८५५ मध्ये वर्णिला. ग्लानी, क्षुधानाश, त्वचेची श्यामता ही त्याची लक्षणे; क्षय हे त्याचे एक प्रमुख कारण.

१९८१ मध्ये एड्सची प्रथम नोंद झाली. पुढे शवविच्छेदनांत सायटोमेगॅलो विषाणूने या ग्रंथी ग्रासलेल्या वारंवार आढळल्या. रुग्णाच्या हयातीत मात्र ती ग्लानी मूळ रोगाचीच समजली जाणे साहजिक होते.

१९९६ मध्ये रिटोनाविर प्रचारात आले आणि कारणांत औषधाचीही भर पडली. त्यामुळे दम्यासाठी श्वासावाटे घेतलेल्या फ्लुटिकासोनचे विघटन मंदावते, ते रक्तात साचते व ग्रंथी मंद पडतात. मग ते एकाएकी थांबविल्यास प्राणांवर बेतू शकते. तात्पर्य, बाधिताच्या थकव्याचे कारण गृहीत न धरता तपासलेच पाहिजे.