दिव्याच्या खटक्याची चौकट

समई कोठे ठेवावी, लामणदिवा कोणत्या कडीला टांगावा, नंदादीपात तेल कोणी घालावे, याविषयी आपल्या देवस्थानांतून पिढ्यानपिढ्या ठरलेले नियम आहेत. विजेचा खटका कोठे बसवावा, याविषयी मात्र नियम नाही. तो निर्णय वायरमन घेतो आणि जेथे तार सोयीने पोचते तेथे खटका बसतो.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या जीर्णोद्धाराच्या कागदपत्रांनिमित्त तेथील सभामंडप बारकाईने पाहण्याचा योग आम्हांस आला. कोरीव लाकडी खांबाच्या मध्यावर, वेलबुट्टीच्या ऐन वळणावर, बटणांची एक फळी चार स्क्रूंनी आवळलेली होती. ती काढली तेव्हा खाली खांबाला उभी चीर गेलेली दिसली. खांब कोरणाऱ्या सुताराने त्यावर कित्येक दिवस घालविले असतील; फळी बसविणाऱ्यास अर्धा तास पुरला असेल. दोष कोणा एकाचा नव्हता. त्या फळीचा विचार करणे हे आपले काम आहे, असे कोणासच वाटले नव्हते. वस्तुतः या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा आरंभ फार आस्थेने झाला होता, हे तिचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंड परगण्यात क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. त्याचे धनी सर विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८८० साली पाण्याच्या शक्तीवर वीज निर्माण करून जोसेफ स्वान यांचे काचेचे दिवे तेथे लावले. ग्रंथालयातील काही दिवे मिन्याचे काम केलेल्या तांब्याच्या कलशांवर बसविले होते. प्रत्येक कलशाच्या बैठकीत पाऱ्याची एक लहान वाटी असे आणि दिव्याची उघडी तार कलशाच्या तळातून त्या पाऱ्यात बुडे. कलश जागेवर ठेवला की दिवा लागे, उचलला की विझे. निराळा खटका नव्हताच. समई उचलून ठेवणाऱ्या आपल्या हातांस ही क्रिया परकी वाटू नये. उघडा पारा घरात ठेवणे आज कोणी मान्य करणार नाही, हे खरे. परंतु नव्या शक्तीने घरात पाऊल टाकले ते घरातील सुंदर वस्तूचा हात धरून, एवढे या प्रसंगावरून दिसते.

पुढे सोय आणि सुरक्षितता यांनी आपला हक्क सांगितला. विजेचा प्रवाह तोडताना दोन टोके सावकाश दूर झाली तर त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान पेटते आणि धातू जळतो. १८८४ साली न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी यावर उपाय शोधला. त्यांच्या खटक्यात बोटाची गती कशीही असो, आतील स्प्रिंग टोकांस क्षणात विलग करी. आता यंत्र आले, म्हणून त्यास घर हवे झाले. चिनी मातीच्या बैठकीवर यंत्र, त्यावर पितळेचे झाकण आणि भिंतीशी लाकडाची गोल फळी, अशी मांडणी रूढ झाली. यंत्र सर्वत्र सारखे असले तरी झाकण आणि फळी ही घरधन्याच्या रुचीप्रमाणे घडविता येत. कारण ती सुतार आणि पितळकाम करणाऱ्याच्या हातची होती.

हे स्वातंत्र्य बेकेलाइटने आटोक्यात आणले. लिओ बेकेलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली शोधलेला हा पदार्थ विजेस अडवितो आणि साच्यात हवा तसा दाबता येतो. परंतु साचा महाग असतो. तो परवडावयाचा तर त्यातून एकाच आकाराच्या हजारो वस्तू काढाव्या लागतात. महालापासून चाळीपर्यंत एकच काळे वा तपकिरी गोल बटण दिसू लागले, त्याचे मुख्य कारण हे होय. त्यामुळे वीज स्वस्त झाली, गरिबाच्या घरी पोचली. तो लाभ आम्ही नाकारीत नाही.

याच प्रश्नावर १९१४ साली जर्मनीत कोलोन येथे कारागीर, शिल्पज्ञ व कारखानदार यांच्या वेर्कबुंड या संघात मोठा वाद झाला. हेरमान मुथेसियूस यांचे म्हणणे असे की, कलेने आता ठरावीक नमुन्यांकडे वळावे. त्यातूनच सर्वसाधारण सुरुची निर्माण होईल. हेन्री व्हान डे व्हेल्डे यांनी उत्तर दिले की, कलावंत स्वेच्छेने कधीही साच्यात बसणार नाही.

या वादाचा एक धागा आपल्या इंदूरपर्यंत येतो. मुथेसियूस यांचे पुत्र एकार्ट यांनीच तरुण वयात यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग राजवाडा उभारला. पित्याने नमुन्याचा पक्ष मांडला. पुत्राने इंदुरास एका घरासाठी वास्तू, आसने आणि दिवे यांचा एकत्र विचार केला. तेथील दोन तांबड्या आरामखुर्च्यांत वाचनासाठी दिवे बसविलेले होते. आसनातच दिवा असावयाचा तर वीज कोठून आणावी, हे आसनाचा आराखडा आखतानाच ठरवावे लागते. भिंत रंगवून झाल्यावर ते सुचून उपयोग नसतो. पुढे या राजवाड्यातील सामानाचा १९८० साली मोनॅको येथे लिलाव झाला आणि वास्तूत सरकारी कचेरी आली. वस्तू जागेपासून तुटल्या, तेव्हा त्या मोलवान राहिल्या खऱ्या. पण ज्या खोलीसाठी त्या घडल्या ती खोली पोरकी झाली.

आमच्या मते पिता-पुत्र दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. कायदा सर्वांस एक असतो, निवाडा मात्र समोरच्या प्रकरणाचा असतो. तसेच येथे आहे. खटका आणि सॉकेट यांचा आतील भाग प्रमाणित नमुन्याचाच हवा. प्लग-सॉकेटसाठी भारतीय मानक १२९३ आहे आणि त्यात कोणी हौसेने फेरफार करू नये. चौकट मात्र त्या वास्तूची असावी. सागवानी मंडपात सागाची, पितळी प्रभावळीजवळ पितळेची. आणि चौकट पितळेची असेल तर तिला अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. कोकणच्या पावसात ओल धरणाऱ्या जांभ्याच्या भिंतीजवळ तर याबाबत तिळमात्र सवलत नको.

देवस्थानांच्या विश्वस्तांस आमचे एवढेच सांगणे आहे की, जीर्णोद्धाराचा ठराव करताना सुतार आणि वायरमन यांस एकाच दिवशी बोलवावे. कोरीव खांबास स्क्रू लागणार नाही, असे ठरावातच लिहावे. खटक्यांच्या जागा आराखड्यावर खुणाव्यात आणि चौकटींचे काम गावच्या कारागिरास द्यावे. खर्च थोडा वाढेल. परंतु चिरलेला खांब पुन्हा सांधण्यास जो खर्च येतो, त्याचा अंदाज आम्ही त्या देवस्थानाच्या कागदांत पाहिला आहे. आणि सांधलेल्या खांबावरची वेल तुटलेलीच राहते.