गाडीवरच्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर होते. आता एसटीच्या चालक-वाहकांना प्रथमोपचार शिकवते. वर्गात खिशात मावणारी पुस्तिका वाटली, की ती कुठून आली हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिच्यामागे एका माणसाचं मरण आहे.

लंडनमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. कारखाने, खाणी आणि रेल्वेत माणसं रोज जखमी होत होती. डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, हे शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला ठाऊक नसे. पुढच्याच वर्षी वूलिच या लष्करी वस्तीत सर्जन-मेजर पीटर शेफर्ड आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी एका शाळेच्या सभागृहात सामान्य नागरिकांसाठी वर्ग भरवले. रक्त कसं थांबवावं, मोडलेलं हाड हलू न देता कसं बांधावं, बेशुद्ध माणसाला कसं हाताळावं हे लष्करातलं ज्ञान प्रथमच साध्या भाषेत लोकांसमोर आलं. त्याच शिकवण्यातून शेफर्ड यांची छोटी पुस्तिका तयार झाली.

ती छापलेली पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. झुलू युद्धासाठी त्यांना दक्षिण आफ्रिकेत पाठवलं गेलं. २२ जानेवारी १८७९ रोजी इसान्डल्वानाच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची दाणादाण उडाली. पळ काढतानाही शेफर्ड एका जखमी स्वाराला पाहायला थांबले आणि तिथेच मारले गेले. लंडनमधले तरुण डॉक्टर जेम्स कँटली यांनी त्यांचं लेखन नीटनेटकं करून छापून आणलं. आजच्या असंख्य प्रथमोपचार पुस्तिकांचं मूळ तिथे आहे.

जर्मनीत कील इथले युद्धशल्यविशारद फ्रिडरिश फॉन एस्मार्क यांनी तर कागदही वगळला. १८७० च्या सुमारास त्यांनी त्रिकोणी पट्टीच्या कापडावरच चित्रं छापली: डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला ती कशी बांधायची आणि हात गळ्यात कसा अडकवायचा. रक्ताने माखलेल्या हातांनी पानं कोण उलटणार? वाचता न येणाऱ्या शिपायालाही ती पट्टी कळे. गाडीवर काम केलेल्या माणसाला या युक्तीची किंमत लगेच उमगते.

तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम हाउस ही संस्था आधी भाजीपाला पुरवत असे. १९६७ मध्ये डॉ. पीटर सफार यांच्या मदतीने तिने रुग्णवाहिका सेवा उभारली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतं, असे तरुण तिथे शिकून निष्णात पॅरामेडिक झाले. त्यांच्या प्रमुख डॉ. नॅन्सी कॅरोलाइन स्वतः गाडीतून फिरत. शहराने १९७५ मध्ये ती सेवा बंद पाडली. पण त्या रस्त्यांवरच्या अनुभवातून कॅरोलाइन यांचं ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक १९७९ साली आलं आणि पॅरामेडिकच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

या तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याने जखमी माणसाला आधी स्वतःच्या हातांनी उचललं होतं. म्हणूनच काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे त्यांना कळलं.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ पासून धावते आहे. घाटातले अपघात, रात्री शेतातला सर्पदंश, फवारणीची विषबाधा, विहिरीत गुदमरलेला मजूर, वाटेतच होणारं बाळंतपण, हे सगळं आपल्या डॉक्टरांनी आणि पायलटांनी, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकांनी, पाहिलं आहे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर निवृत्त होऊ नये. माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: चौघं-पाचजण एकत्र या, वर्गणी काढा, तज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि खिशात मावेल अशी मराठी पुस्तिका स्वतः छापा. ती चहाच्या दोन कपांच्या किमतीत चालकाला, आशाताईला, ऊसतोड मुकादमाला मिळाली पाहिजे. हे काम दुसरं कोणी आपल्याइतकं चांगलं करू शकणार नाही.