'डाउन राइट' म्हणजे नेमकं कुठं? नाटक शिकणाऱ्यांना माहीत असायलाच हवेत हे शब्द

कॉलेजच्या एकांकिकेची पहिली तालीम. दिग्दर्शक सांगतो, "डाउन राइटला ये," आणि नवा नट नेमका उलट्या बाजूला जाऊन उभा राहतो. तालमीत यावर हशा पिकतो. पण प्रयोगात, ब्लॅकआउटच्या काळोखात हीच चूक झाली तर दोन नटांची टक्कर होऊ शकते. म्हणून हे शब्द पाठांतराच्या आधी शिकायचे असतात.

दिशा ओळखा

रंगमंचावर डावं-उजवं ठरतं ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या बाजूने. म्हणजे नटाचं उजवं ते प्रेक्षकांचं डावं. प्रेक्षकांच्या जवळचा भाग म्हणजे डाउनस्टेज आणि मागचा भाग म्हणजे अपस्टेज. पूर्वी युरोपात रंगमंच मागून पुढे उतरता असायचा. मागे जाणं म्हणजे खरोखरच वर चढणं, त्यावरून ही नावं पडली. त्यामुळे 'डाउन राइट' म्हणजे प्रेक्षकांच्या जवळ, नटाच्या उजव्या हाताला.

रंगमंचाचे भाग

- विंग : दोन्ही बाजूंचे आडोसे. नट इथूनच एंट्री आणि एक्झिट घेतात. विंगेत उभं असताना प्रेक्षक दिसत असतील, तर प्रेक्षकांनाही तुम्ही दिसता.
- झालर : वरचे दिवे झाकणारी कापडाची आडवी पट्टी.
- लेव्हल : उंची दाखवण्यासाठी ठेवलेले चौथरे किंवा ठोकळे.
- फिरता रंगमंच : गोल फिरणारा मंच, ज्यामुळे दृश्य झटपट बदलतं. 1962 साली आलेल्या आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला फिरता रंगमंच खूप गाजला.

नेपथ्य : अर्थ बदललेला शब्द

आज नेपथ्य म्हणजे सेट, आणि तो करणारा नेपथ्यकार. पण संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी सजण्याची जागा. त्यामुळे संस्कृत संहितेत 'नेपथ्ये' अशी सूचना आली, तर तिथे सेट शोधू नका. ते वाक्य पडद्याआडून येतं.

सेटवरच्या किंवा नटाच्या हातातल्या वस्तूंना प्रॉपर्टी म्हणतात. कप, काठी, पत्र असं सगळं त्यात आलं. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपली प्रॉपर्टी स्वतः तपासायची असते.

तालमीतले शब्द

- ब्लॉकिंग : कोणत्या वाक्याला कुणी कुठून कुठं जायचं, याची आखणी.
- क्यू : आपलं वाक्य, हालचाल किंवा प्रकाशबदल कधी सुरू करायचा, याची खूण. बहुतेक वेळा ते समोरच्याचं शेवटचं वाक्य असतं.
- प्रॉम्प्टर : वाक्य विसरलेल्या नटाला विंगेतून हळूच आठवण करून देणारा.
- रंगीत तालीम : वेशभूषा, रंगभूषा, प्रकाश आणि संगीतासह प्रयोगासारखीच होणारी शेवटची तालीम.

प्रयोगाच्या वेळी

तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो. संगीत नाटकात सुरुवातीला नांदी होते. नाटकाचे मोठे भाग म्हणजे अंक आणि अंकातले छोटे भाग म्हणजे प्रवेश. पात्र स्वतःशीच मोठ्याने बोलतं ते स्वगत. प्रकाश हळूहळू मावळतो तो फेडआउट आणि एका क्षणात जातो तो ब्लॅकआउट.

नट आणि प्रेक्षक यांच्यामधल्या न दिसणाऱ्या भिंतीला चौथी भिंत म्हणतात. पात्र थेट प्रेक्षकांशी बोललं की ती मोडते. आपल्याकडे मात्र तमाशातला सोंगाड्या आणि नाटकातला सूत्रधार पहिल्यापासूनच प्रेक्षकांशी बोलत आले आहेत.

हे करून बघा

पुढच्या तालमीला संहितेसोबत पेन्सिल न्या. आपल्या प्रत्येक वाक्याच्या आधीचा क्यू अधोरेखित करा आणि समासात हालचाल लिहा. पेनाने लिहू नका, कारण ब्लॉकिंग बदलत राहतं.